विष्णुपुरीत विज्ञान संमेलन भरावे

नागपूरला जानेवारी 2023 मध्ये 108वी भारतीय विज्ञान काँग्रेस झाली. पुढच्या वर्षी जालंधरला ठरलेली काँग्रेस लांबणीवर पडली. अशा वेळी मराठवाड्याने आपले संमेलन आपणच भरवावे, आणि ते नांदेडजवळच्या विष्णुपुरीत भरवावे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, 1981 पासूनची गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे एकमेकांच्या शेजारी आहेत. निमंत्रण मात्र आधी झेडपीच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना गेले पाहिजे.

त्यांच्यासमोरचा प्रश्न अगदी ताजा आहे. 2023 मध्ये एनसीईआरटीने कोरोनाकाळातल्या ओझ्याचे कारण देत दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि आवर्त सारणी वगळली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र लिहून उत्क्रांती वगळण्याचा निषेध केला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला उत्क्रांती पुन्हा कुठे भेटणार? बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 च्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. आता राज्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणायचे ठरवले आहे. ही गाडी दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा तो पाठ राहणार की जाणार, हे आजच विचारायला हवे.

ही भीती हवेतली नाही. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा असे सांगितले, ते औरंगाबादेत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र येऊन त्याचे खंडन करावे लागले. मराठवाड्यातून तेव्हा एकमुखी आवाज उठायला हवा होता.

विज्ञान न कळण्याची किंमत या भागाने मोजली आहे. किल्लारी परिसरात 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हादरे बसत होते. दख्खनचे पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत पक्की होती. गणपती विसर्जन करून गाव झोपले आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंतींतल्या दगडांना एकमेकांत गुंफणारे काहीच नव्हते. भिंती फुटल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आले. हजारो माणसे गेली. मार्च 2024 मध्ये हिंगोली, नांदेडला पुन्हा धक्के बसले. भिंत कशी बांधावी, कोपरे कसे जखडावेत, हे इथल्या मुलांना अजूनही वर्गात करून पाहायला मिळत नाही.

याचा दोष एकट्या दिल्लीवर टाकून चालणार नाही. लातूर पॅटर्नने खेड्यातली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली, हे श्रेय मोठेच. पण राज्यभरातून मुले नीटसाठी लातूरला येतात आणि दिवसभर पर्याय निवडायचा सराव करतात. प्रयोगशाळेकडे कोणाचे पाय वळत नाहीत. जर्नल एकाने लिहायचे, बाकीच्यांनी उतरवायचे.

म्हणून संमेलनात भाषणे कमी आणि कार्यशाळा जास्त असाव्यात. विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाने शिक्षकांना भूकंपाचा आलेख वाचायला शिकवावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हलत्या फळीवर दोन भिंती, एक सुटी आणि एक बांधलेली, सर्वांसमोर हलवून दाखवाव्यात. आणि उत्क्रांती व आवर्त सारणी दहावीत कायम ठेवावी, हा ठराव नव्या दहावीचे पुस्तक छापखान्यात जाण्याआधी शिक्षणमंत्र्यांच्या हाती पडावा.