उकडलेला बटाटा का फसफसत नाही?

दोस्तांनो, संध्याकाळी भांडुप स्टेशनवरून पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर आलात, की नाकाला रुमाल लावावासा वाटतो ना? गाड्यांच्या रांगा आणि धूर! आता अशी बस डोळ्यांसमोर आणा, जिच्या मागून फक्त पाण्याची वाफ येते. ही थाप नाही बरं का! अशी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सादर झाली. सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून ती तयार केली.

या बसच्या पोटात असतो इंधनघट. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, वीज मिळते आणि पाणी तयार होतं. पण ऑक्सिजन भारी आळशी! त्याला कामाला लावायला उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. इथे प्लॅटिनम वापरतात. ते दुर्मीळ आणि महाग. म्हणून बसही महाग.

मग स्वस्त लोखंड चालेल का? स्वयंपाकघरातच पाहू या. आई-बाबांना सोबत घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारं, जखम धुण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका. डोळे जपा हं! फेस आला? बटाट्यातल्या कॅटॅलेज या प्रथिनाने पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन केलं. या प्रथिनात लोखंडाचे अणू असतात, प्रत्येकाला चार नायट्रोजन अणूंनी धरून ठेवलेलं.

अशाच चौकटीत बसवलेला कोबाल्ट ऑक्सिजनला कामाला लावतो, हे रेमंड जॅसिन्स्की यांनी १९६४ मध्ये दाखवलं. पुढे कार्बनमध्ये नायट्रोजन आणि लोखंड बसवून उत्प्रेरक तयार झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही प्लॅटिनमला पर्याय शोधण्याचं काम झालं आहे.

मग अडलं कुठे? आता उकडलेल्या बटाट्यावर थेंब टाका. फेस नाही! लोखंड आहे तेवढंच आहे, पण त्याच्याभोवतीची प्रथिनाची घडी उकळताना मोडली. इंधनघटाचंही दुखणं असंच. आतल्या आम्लात लोखंडाचे अणू हळूहळू चौकटीतून सुटतात आणि वीज कमी होत जाते. बस मात्र वर्षानुवर्षं धावायला हवी ना!

ही चौकट टिकाऊ कशी करायची, यावर जगभर डोकी लढवली जात आहेत. कोण जाणे, उत्तर भांडुपच्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला सापडेल! तोवर प्रयोग करा आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा.