मदत नको, हक्काची भरपाई हवी

२ ऑक्टोबर २०२३. पहाटे साडेपाचचा सुमार. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्यात, वडनेर भोलजीजवळ, महामार्गाच्या कडेला उभारलेल्या एका झोपडीत भरधाव ट्रक घुसला. आत दहा मजूर झोपलेले होते. किमान चौघांचा जीव गेला, बाकीचे जखमी झाले. चिखलदरा तालुक्यातले, मेळघाटातले हे लोक महामार्गाच्याच कामावर आले होते.

अशा बातमीला ‘काळाचा घाला’ असा मथळा द्यायची आपल्या वर्तमानपत्रांची जुनी खोड आहे. काळाने घाला घातला म्हटले की ठेकेदार सुटतो, महामार्ग बांधून घेणारे खाते सुटते, विमा कंपनीला तर हायसेच वाटते. काळावर दावा कुठे लावणार?

मैत्रिणींनो, त्या झोपडीची जागा काळाने निवडली नव्हती. हा मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा रस्ता, जुना क्रमांक ६, आताचा ५३. रात्रभर मालट्रक धावतात, पहाटे चालकाचे डोळे मिटायला लागतात, हे या रस्त्यावरच्या चहावाल्याच्या पोरालाही ठाऊक आहे. अशा रस्त्याच्या कडेला माणसे झोपवायची कोणी ठरवली? इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा तेव्हा लागू होता, आणि रस्त्याचे कामही त्यात येते. त्याच्या ३४व्या कलमाप्रमाणे मजुरांना राहण्याची तात्पुरती जागा मालकाने फुकट द्यायची होती. स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची सोय धरून. जागा कामाच्या आवारात किंवा शक्य तितक्या जवळ असावी, असे कलम म्हणते. ‘जवळ’ म्हणजे ट्रकच्या चाकाजवळ, असा अर्थ त्यातून कोणता वकील काढून दाखवेल? चार बांबू आणि ताडपत्री माळावर आत नेऊन लावायला किती खर्च येतो?

पैसा नव्हता असेही नाही. याच महामार्गावर, अमरावती ते अकोला टप्प्यात, २०२२च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. शेकडो माणसे राबली, फोटो निघाले, मंत्र्यांनी अभिनंदन केले. रस्ता किती वेगात झाला ते मोजायला माणसे नेमली होती. रस्ता करणारा रात्री कुठे झोपतो, ते मोजायला कुणी नसते.

त्या वर्षी बुलढाणा जिल्ह्याने तीन महिन्यांत हे तीनदा पाहिले. १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटली आणि २५ माणसे जळून गेली. २९ जुलैला मलकापूरजवळ दोन बसगाड्यांची टक्कर होऊन सहाजण दगावले. मग वडनेर भोलजी. समृद्धीवरच्या मृतांच्या वारसांना मुख्यमंत्र्यांनी पाच लाख आणि पंतप्रधानांच्या निधीतून दोन लाख जाहीर झाले. हे पैसे घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात चूल थंड आहे तिथे कुणी तत्त्वज्ञान सांगू नये. पण मदत देणारा देतो म्हणून मिळते. कधी पाच लाख, कधी दोन, कधी काहीच नाही. किती माणसे मेली, कॅमेरे किती आले, निवडणूक किती जवळ आहे, यावर ते ठरते. भरपाई तशी नसते. कुणाच्या तरी हयगयीने माणूस गेला, त्याची किंमत त्या कुणीतरी मोजायची, आणि ती कायद्याने ठरलेल्या हिशेबाने. मदतीचा धनादेश घेतल्याने भरपाईचा हक्क संपत नाही. ही एवढी गोष्ट गावोगाव सांगायला हवी, कारण धनादेश हातात पडला की ‘झाले, मिळाले’ असेच घरात धरले जाते, आणि ज्यांना तसे वाटायला हवे असते ते ते वाटू देतात.

हिशेब करून पाहू. समजा तिशीचा मजूर, महिन्याला १२,००० कमावणारा. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. मोटार वाहन कायद्याखाली ट्रकच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा केला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा होतो: वर्षाचे १,४४,०००, पुढे मजुरी वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के, त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, आणि वयाप्रमाणे १७ने गुणायचे. २५,७०,४०० रुपये. शिवाय सहवास गमावल्याचे, अंत्यसंस्काराचे पैसे वेगळे. पाच लाखांच्या धनादेशापुढे हा आकडा ठेवून पाहा.

दुसरा रस्ता मालकाविरुद्धचा. अपघाताच्या दिवशी १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली). त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली एवढे पुरते. याच मजुराचे १२,४७,८८० रुपये होतात. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदार पळाला तर ज्याने ठेका दिला त्याला धरता येते. ‘ते तर झोपले होते, कामावर कुठे होते?’ हा बचाव येणारच. त्याला उत्तर एवढेच की मेळघाटातला माणूस वडनेर भोलजीच्या रस्त्याकडेला हवा खायला झोपला नव्हता. काम तिथे होते आणि कामाने दिलेली झोपडी तिथे होती, म्हणून तो तिथे होता. मात्र ही दोन दारे आहेत आणि दोन्हींतून आत जाता येत नाही; मोटार वाहन कायद्याच्या १६७व्या कलमाप्रमाणे एक निवडावे लागते. कुठले, हे वकिलाला विचारून ठरवावे. ठेकेदाराच्या माणसाला विचारून नव्हे.

आणि बांधकाम कामगार मंडळ? नोंदीत कामगार कामावर अपघाताने गेला तर मंडळाकडून पाच लाख मिळण्याची तरतूद आहे. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो द्यायचा बहुतेक वेळा त्याच ठेकेदाराने, ज्याच्या हजेरीपटावर माणसाचे पूर्ण नावही नसते!

आता घरात काय होते ते पाहू, कारण आपल्या कामाचा खरा मुद्दा तिथे आहे. माणूस गेल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुकादम येतो. बरोबर गावातले दोन वजनदार पुरुष. बाई आत, कोपऱ्यात. बाहेर दीर, सासरा, मुकादम बोलतात. पन्नास हजार, लाख, जे काय ते ठरते, मुद्रांकावर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून येते, आणि मग बाईला हाक मारतात, अंगठ्यापुरती. कामानिमित्त मी अशा घरांत गेले आहे. किती मिळाले, हे त्या बाईला सर्वांत शेवटी कळते, तेही चुकून.

असा कागद कायद्याने टिकत नाही, हे किती जणींना ठाऊक आहे? १९२३च्या कायद्याचे आठवे कलम सांगते की मृत्यूच्या प्रकरणात भरपाई फक्त आयुक्ताकडे जमा करायची. मालकाने परस्पर घरी दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. अपवाद थोड्याशा आगाऊ रकमेचा. म्हणजे अंगठा घेतला तरी दावा जिवंत असतो. पण याच कलमाची भाषा बघा: बाईला किंवा ‘कायद्याने असमर्थ’ व्यक्तीला एकरकमी भरपाई द्यायची तर तीही आयुक्तामार्फतच, आणि आयुक्त ती तिच्या भल्यासाठी गुंतवूही शकतो. सज्ञान, कमावती, पोरे वाढवणारी बाई आणि अज्ञान मूल एका ओळीत! कायदा तिचे रक्षण करतो, पण तिला अक्कल नाही असे गृहीत धरून. मुकादमही तेच धरून चालतो. फरक एवढाच की तो रक्षण करत नाही.

नवऱ्याच्या मरणाचा हिशेब निदान मजुरीवर होतो. बाईच मेली तर? १९९४ साली मोटार वाहन कायद्यात जे कोष्टक आले, त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराची किंमत कमावत्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरली होती. वरच्या हिशेबातल्या मजुराची बायको पहाटे चारला उठते, पाणी भरते, चूल पेटवते, सासूचे करते, वावरातही जाते. ती गेली तर महिन्याला ४,०००. नवरा जितका गरीब तितकी ती स्वस्त. न्यायालयांना यावर बोलायला वेळ लागला, पण बोलली. १९८९च्या जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महिना ३,००० धरले. २०१० साली त्याच न्यायालयाने, जनगणना गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणाऱ्या’ म्हणून बसवते, यावर ताशेरे ओढले. २०२१च्या निकालात तर सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला: घरातल्या बिनपगारी कामात बाई दिवसाला २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. आणि २०२४च्या फेब्रुवारीत म्हटले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. हे आपण तीसचाळीस वर्षे मोर्च्यांत ओरडून सांगत होतो. ते आता निकालपत्रांत आहे. तालुक्याच्या वकिलाच्या टेबलावर ते आपण नेऊन ठेवल्याशिवाय पोचणार नाही.

जी बाई मजुरीला जाते तिचे तर आणखी अवघड. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यात आलेगाव शिवारात मजुरांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर बाया बुडाल्या. पुन्हा तेच: पाच लाख, दोन लाख. ट्रॅक्टर शेतीकामाचा, माणसे वाहायचा नव्हे, म्हणून विमा लागू नाही, हा विमा कंपन्यांचा ठरलेला बचाव. मग सकाळी सहाला बायांना वावरात न्यायला कोण येणार होते, एस.टी. महामंडळ? गावोगाव निंदणी-खुरपणीला बाया अशाच जातात, हे तहसीलदार, पोलीस पाटील, विमा एजंट सगळ्यांना दिसते. अपघात झाला की तेवढ्यापुरते ते बेकायदा ठरते, आणि तेही मेलेल्या बायांच्या बाजूने नाही.

आपल्या संघटनांच्या कामाच्या यादीत मारहाण असते, हुंडा असतो, पोटगी असते. अपघात नसतो. तो ‘कामगारांचा प्रश्न’ म्हणून युनियनकडे ढकलायचा, आणि रस्त्यावरच्या, वावरातल्या मजुरांची तर युनियनही नाही. पण पोटगीसाठी आपण जे करतो, बाईबरोबर बसतो, कागद गोळा करतो, तारखेला जातो, तेच इथे लागते. पहिली माहिती, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद, मजुरी किती होती हे सांगणारे दोन सोबती: एवढे हातात आले की अर्धे काम झाले. अपघाताचा अहवाल पोलिसांनी तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. ठाण्यावर जाऊन तो मागायचा. बाईला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्यात आहे. ती पुन्हा लग्न करील म्हणून सासरचे तिचा हिस्सा अडवत असतील, तर २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्विवाहाने भरपाईचा हक्क जात नाही, असे सांगितले आहे. आणि दावा अपघाताच्या गावी जाऊनच करावा लागतो असे नाही. बाई राहते तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. चिखलदऱ्याहून बुलढाण्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

मुदतीचे तेवढे सांभाळायचे. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताचा अर्ज सहा महिन्यांत करायची अट आली. सुतक, दवाखाना, कर्ज, मुलांची शाळा यांतून बाई डोके वर काढेपर्यंत सहा महिने कधीच जातात. ही अट कुणाच्या सोयीची ते उघड आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, केवळ मुदत गेली म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला आहे. मालकाविरुद्धच्या जुन्या कायद्यात मुदत दोन वर्षांची, पण पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. वडनेर भोलजीच्या मजुरांपैकी ज्या घरांनी अजून अर्ज केला नसेल, त्यांच्यासाठी दार पुरते बंद झालेले नाही. परतवाडा, धारणी, अमरावतीच्या गटांनी हे अंक आल्या आल्या मनावर घ्यावे, आणि नांदुरा-मलकापूरच्या गटांनी पंचनाम्याच्या व पोलीस अहवालाच्या नकला काढून त्यांच्याकडे पोचवाव्यात. जाल तेव्हा ओसरीवर न थांबता थेट आत जा, आणि बाईशी बोला.