फेज दोन आणि लीडरचा नकार

जानेवारी ते मार्च या काळात आपल्यापैकी अनेक संस्था गुलमर्गला बॅचेस नेतील. नावनोंदणी सुरू आहे आणि माहितीपत्रके छापून तयार होत आहेत. त्यांत एक ओळ हमखास असते : ‘गंडोला फेज एक व दोन समाविष्ट’. या ओळीचा दुसरा अर्धा भाग काढून टाकावा, असे आम्हाला वाटते.

गुलमर्गचे पठार सुमारे 2,650 मीटरवर आहे. 1998 मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगदूरीला म्हणजे साधारण 3,100 मीटरपर्यंत नेतो. 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवातच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर सोडतो. पाळण्यात बसल्यापासूनचा प्रत्यक्ष प्रवास अर्ध्या तासाहूनही कमी. एवढी उंची पायी गाठणारा गिर्यारोहक वाटेत खूप काही वाचत जातो. वारा कोणत्या बाजूने बर्फ उचलून कुठे टाकतो आहे, पाऊल कुठे गुडघाभर रुतते, कुठे पायाखालून पोकळ ‘धप्प’ असा आवाज येतो, हे त्याला वर पोहोचण्याआधीच कळलेले असते. पाळण्यातून उतरणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

आल्प्समधल्या मोठ्या रिसॉर्टवर सर्वांत वरच्या लिफ्टपासूनही बहुधा यंत्राने दाबून सारखी केलेली, रंगाच्या खुणा लावलेली वाट खाली येते. अफरवातवरून तशी वाट नाही. लिफ्टखालच्या बाऊलवर स्की पेट्रोलचे लक्ष असते. बर्फ पडून गेल्यावर तो सुरक्षित वाटेपर्यंत बंद ठेवतात. त्याच्या दोन्ही अंगांना मात्र उघडा डोंगर आहे. तिथे जायला वेगळे तिकीट लागत नाही की कुणाला काही सिद्ध करावे लागत नाही.

1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवातच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीअर गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीअर गेला. ही माणसे बर्फाळ डोंगरांत स्की करणारी होती, आपल्या बॅचमधल्या नवख्यांसारखी नव्हती.

2024 च्या हिवाळ्याचा क्रम प्रत्येक लीडरने नीट पाहावा. जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. पर्यटक कोरड्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. मग पश्चिमी विक्षोभ आले आणि फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला. कोरड्या, निरभ्र, गोठवणाऱ्या रात्रींत जमिनीवरच्या पातळ बर्फाचे दाणे साखरेसारखे सुटे होतात. एकमेकांना धरून ठेवायची ताकद त्यांच्यात उरत नाही. त्यावर नव्या बर्फाचा जाड थर बसला की तो अख्खा थर एका तुकड्यात सुटू शकतो, आणि त्याला एका माणसाचे वजनही पुरते. अशी स्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. स्कीला नेमका हाच उतार आवडतो. म्हणून ‘यंदा बर्फ उशिरा पडला, पण भरपूर पडला’ ही बातमी आनंदाची वाटली, तरी लीडरने त्या दिवसापासून अधिक सावध व्हायला हवे.

आपले लीडर सह्याद्रीत घडलेले आहेत. कातळ, पाऊस, धुके, दमलेला मेंबर हे सगळे त्यांना कळते आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण बर्फाचे थर वाचणे ही वेगळी विद्या आहे. ती एका कोर्सने येत नाही. तिथल्या गाइडला केवळ सामान उचलायला न घेता निर्णयात बरोबर घ्या. सकाळी पहिला फोन स्की पेट्रोलला करा. ज्यांना खरोखरच वर, बाऊलमध्ये उतरायचे आहे, त्यांच्याजवळ ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे ही तिन्ही साधने हवीत. दोन असून भागत नाही.

आणि साधने असली तरी सराव नसेल तर ती नुसती ओझे आहेत. गुलमर्गच्या सपाट माळावर एक ट्रान्सीव्हर सॅकमध्ये घालून पुरा आणि शोधायला लावा. शेवटच्या तीन मीटरमध्ये घाई होते आणि यंत्र छातीपाशी धरून माणसे गोलगोल फिरतात. तिथे खाली वाकून, यंत्र बर्फाला टेकवून, संथपणे सरकायचे असते. प्रोब लागली की ती उपसायची नाही. तिथेच ठेवून तिच्या उताराच्या बाजूने खणायला लागायचे. पुरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. अर्ध्या तासाने ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. खालून मदत येईपर्यंत बहुधा ही वेळ टळून गेलेली असते. म्हणजे वाचवणारे आपणच.

नवख्यांसाठी मात्र खरी काळजी भाड्याच्या दुकानात सुरू होते. स्कीच्या बाइंडिंगवर पुढे आणि टाचेपाशी छोट्या खिडकीत एक आकडा असतो. तो वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून लावायचा असतो. आदल्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिला, तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. प्रत्येक मेंबरचा आकडा लीडरने स्वतः पाहून वहीत लिहावा. स्नोबोर्डचे बाइंडिंग तर सुटतच नाही. तिथे पडणारा हात टेकतो आणि मनगट मोडते. मनगटाचे गार्ड पुण्याहूनच न्या.

राहता राहिला नकार. मेंबरने पैसे भरलेले असतात, रजा घेतलेली असते, वर ऊन पडलेले असते. अशा वेळी ‘आज फेज दोन नाही’ म्हणणे जड जाते, कारण माहितीपत्रकात आपणच ते कबूल केलेले असते. लीडरला ऐनवेळी अशा कात्रीत पकडणे हा संस्थेचा दोष आहे, त्याचा नव्हे. नवख्यांच्या बॅचने कोंगदूरीच्या वर जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. जाणत्यांनी जायचे की नाही, हे त्या सकाळी लीडर आणि स्थानिक गाइडने ठरवावे आणि कार्यालयाने पुण्यातून फोन करून त्यात बदल करू नये.

ज्यांची पत्रके अजून छापखान्यात गेलेली नाहीत, त्यांनी एवढेच करावे : ‘फेज दोन समाविष्ट’ काढून त्या जागी ‘फेज दोनबाबत लीडरचा निर्णय अंतिम, न गेल्यास तिकिटाचे पैसे परत’ असे छापावे. ज्यांची छापून झाली आहेत, त्यांनी नोंदणी झालेल्या प्रत्येक मेंबरला हे आजच कळवावे.