वाचा-उपचाराचा खर्च आणि निदानाचा शब्द

दापोलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही, डॉक्टरांनी स्पीच थेरपी सुचवली आहे, घरात आरोग्य विमाही आहे; मग विमा कंपनी हा खर्च का नाकारते?

आपल्याकडील बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याच्या कल्पनेभोवती रचलेला आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा, महिनोन्‌महिने चालणारा वाचा-उपचार हा बाह्यरुग्ण उपचार ठरतो आणि पॉलिसीत त्याची स्वतंत्र तरतूद नसेल तर दावा टिकत नाही. नोकरीतून मिळालेल्या गटविम्यात क्वचित अशी तरतूद असते. ती पाहण्यासाठी माहितीपत्रकावर विसंबू नये, पॉलिसीच्या मूळ अटी मागून घ्याव्यात.

बाह्यरुग्ण थेरपीचा खर्च मुळातच धरणारी योजना म्हणजे राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’. तिच्यात वर्षाला एकूण १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि नियमित थेरपीसाठी ठरावीक उपमर्यादा आहे. नव्या नोंदणीचे शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास २५० रुपये, इतरांस ५०० रुपये. पैसे आधी आपण भरायचे व नंतर परतावा मागायचा, म्हणून प्रत्येक सत्राची मूळ पावती व डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. उपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. योजनेचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. जानेवारीत नोंदणी करणाऱ्याच्या पदरी त्या वर्षाचे तीनच महिने पडतात.

परंतु ‘निरामय’ चारच अवस्थांसाठी आहे : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. केवळ उशिरा बोलणारे मूल या चौकटीत बसत नाही. येथेच पालक अडचणीत सापडतात. खर्च भागावा म्हणून निदानाचा शब्द बदलून घ्यावा, असा सल्ला देणारे लोक भेटतात. तो मानू नये. उलट, लोक काय म्हणतील या भयाने स्वमग्नतेचे खरे निदान कागदावर येऊ न देणारी कुटुंबेही असतात, आणि मुलाच्या हक्काचे साहाय्य त्यामुळेच दुरावते. माझ्या मते दुसरी चूक अधिक वारंवार घडते.

त्याआधी श्रवणचाचणी हवीच. ऐकूच येत नसेल तर वाट निराळी असते : केंद्राच्या एडीआयपी योजनेत पात्र बालकांना कॉक्लियर इम्प्लांटसोबत पुढील वाचा-प्रशिक्षणही मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था त्या कामाची मध्यवर्ती संस्था आहे.

ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम उपयोगी पडतो. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे त्याचा आरंभ झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. विकासातील विलंबासाठी दिव्यांगत्व सिद्ध करावे लागत नाही. मुलास पुढील तपासणी व उपचारासाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य पाठवले जाते. पथकाची वाट न पाहता अंगणवाडीताईंना किंवा दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावे.

आयकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करपद्धतीत, मुलाचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास, ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची.

राहिला प्रवास. रत्नागिरी दापोलीहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. एस.टी.त पाच वर्षांखालील मुलाचे तिकीट नसते आणि २०२३ पासून आईचे अर्धेच असते. तथापि दर आठवड्याला दिवसभराची मजुरी बुडणे कोणत्याच योजनेत भरून निघत नाही. म्हणून उपचारतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे : आम्ही महिन्यातून दोनदाच येऊ शकतो, मधल्या दिवसांत घरी काय करून घ्यायचे ते लिहून द्या.