आज्ञा आणि अंतःकरण

युद्धकथांतून पराक्रम मोजला जातो तो बहुधा शत्रूच्या हानीने. परंतु नौदलात आयुष्य वेचलेली माणसे उतारवयात आठवणी सांगू लागली, की त्यांच्या ओठांवर येतात ते वाचलेले आणि न वाचलेले सोबती. अशाच एका आठवणीकडे आज वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्र नुकतीच उलटली असता प्रशांत महासागरात 'इंडियानापोलिस' ही अमेरिकी युद्धनौका जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी अवघ्या बारा मिनिटांत बुडाली. नौकेवर ११९५ जण होते. त्यांपैकी सुमारे ९०० जण पाण्यात तरंगत राहिले. नौका बंदरात पोहोचली नाही, याची दखल कोणीच घेतली नाही. तहान, ऊन आणि शार्क मासे यांच्याशी झुंजता झुंजता चार दिवस गेले. २ ऑगस्टला गस्तीवरील एका विमानाला ते केवळ योगायोगाने दिसले.

मदतीस धावला लेफ्टनंट एड्रियन मार्क्स. त्याचे 'कॅटलिना' विमान नौकेच्या बांधणीचे, शांत पाण्यावर उतरणारे. खुल्या समुद्रात उतरण्यास मात्र सक्त मनाई होती आणि खाली लाटा बारा फुटी. तराफे टाकून परतला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु शार्क माणसांवर तुटून पडताना त्याने पाहिले, सहकाऱ्यांची संमती घेतली आणि विमान लाटांवर उतरविले. आघाताने पत्र्याचे रिव्हेट निखळले. ती छिद्रे पेन्सिली खुपसून बुजवावी लागली.

खरी कसोटी पुढेच होती. आधी कोणाला घ्यावयाचे? घोळक्यातील माणसांना एकमेकांचा आधार होता. एकट्या पडलेल्याला कोणाचा? म्हणून हाका मारणारे घोळके मागे टाकून त्याने एकेकटे जीव वेचले. विमान भरले, तेव्हा उरलेल्यांना पंखांवर निजवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. एकूण ५६ जण! विमान आता उडणे शक्यच नव्हते.

रात्री 'सेसिल डॉयल' ही नौका आली. शत्रूच्या पाणबुडीचे भय असतानाही तिचा कप्तान क्लेटर याने प्रखर झोत आकाशाकडे वळविला. तरंगणाऱ्यांना मदत आल्याचे कळावे, एवढ्याचसाठी. अखेर ३१६ जण वाचले. मार्क्सचे निकामी विमान आपल्याच तोफांनी बुडवावे लागले.

आज्ञा मोडणारा हा मार्क्स व्यवसायाने वकील होता, हे विशेष! नियमांचे मोल तो जाणत होता. त्याने नियम मोडला तो लहरीखातर नव्हे. डोळ्यांनी पाहून, सोबत्यांना विचारून आणि होणारी हानी स्वतः पत्करून. 'नियमात बसत नाही' असे म्हणून दारातून कोणाला परतविण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबून खाली पाहतो का? तेथे एखादा एकटाच तरंगत असेल.