इंग्रजीचे नित्य प्रयोग : ‘ॲज गुड ॲज’

इंग्रजी भाषेतील काही शब्दसमूह दिसावयास इतके साधे असतात की त्यांसाठी कोश उघडण्याची गरजच आपणांस वाटत नाही. ‘ॲज गुड ॲज’ हा त्यांपैकीच एक. ‘गुड’ म्हणजे चांगला, हे पहिल्या इयत्तेतील मूलही सांगेल. परंतु एखाद्या पत्रात ‘द हाउस इज ॲज गुड ॲज सोल्ड’ असे वाक्य आले, की याच शब्दापाशी वाचक अडखळतो. शब्दशः अर्थ लावू गेल्यास ‘घर विकलेल्याइतके चांगले आहे’ असे काहीतरी हाती येते, आणि त्यातून काहीच बोध होत नाही. मग कोणी ‘घर विकले गेले’ असे समजतो, तर कोणी ‘घर चांगले आहे, विकले जाईल’ असे समजतो. दोघांचीही समजूत चुकीची आहे. म्हणून या शब्दसमूहाचे निरनिराळे अर्थ आज क्रमाने पाहू.

पहिला अर्थ सरळ तुलनेचा. संस्कृतात ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय लावून लघुतर, लघुतम अशी रूपे होतात. इंग्रजीत ‘गुड, बेटर, बेस्ट’ अशा तीन पायऱ्या आहेत. पण जेथे कोणी अधिक नाही आणि कोणी उणा नाही, तेथे इंग्रजी पहिल्याच पायरीवर थांबते आणि तिच्या दोन्ही बाजूंस ‘ॲज’ ठेवते. हा ‘ॲज’ आणि ‘ऑलसो’ हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत. ‘अगदी तसेच’ हा त्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी ठेवला म्हणजे ही रचना उमगते. ‘दिस रोड इज ॲज गुड ॲज दॅट’ म्हणजे ‘हा रस्ता त्या रस्त्याइतकाच चांगला आहे.’ मराठीत हे काम ‘इतका’, ‘एवढा’, ‘सारखा’ हे शब्द करतात.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, नाम जोडावयाचे असेल तर ‘अ’ हे उपपद ‘गुड’च्या नंतर येते : ‘शी इज ॲज गुड अ सिंगर ॲज हर सिस्टर’. ‘ॲज अ गुड सिंगर ॲज’ ही रचना आपल्याकडे वारंवार ऐकू येते, पण ती अशुद्ध आहे. दुसरी गोष्ट, ‘इतकेच चांगले किंवा त्याहून चांगले’ असे म्हणावयाचे झाल्यास दुसरा ‘ॲज’ गाळू नये. ‘ॲज गुड ॲज, ऑर बेटर दॅन’ असे म्हणावे. नकारार्थी वाक्यात ‘नॉट सो गुड ॲज’ असेच म्हटले पाहिजे, असा जुन्या व्याकरणांचा आग्रह असे. आता ‘नॉट ॲज गुड ॲज’ हेही तितकेच शुद्ध मानले जाते.

आता दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा अर्थ. ‘ॲज गुड ॲज’च्या पुढे तुलनेची दुसरी वस्तू न येता ‘सोल्ड’, ‘फिनिश्ड’, ‘सेटल्ड’ अशासारखे पूर्णत्वदर्शक रूप आले, म्हणजे ‘चांगला’ हा अर्थ मुळी उरतच नाही. तेथे ‘जवळजवळ’, ‘बहुतेक’ असा अर्थ होतो. ‘द वर्क इज ॲज गुड ॲज फिनिश्ड’ याचे सुंदर मराठी रूप आपल्या घरोघरी आहे : ‘काम झाल्यातच जमा आहे.’ हाच प्रयोग क्रियापदाआधीही येतो. ‘ही ॲज गुड ॲज कॉल्ड मी अ लायर’ म्हणजे ‘त्याने मला खोटारडा म्हणावयाचेच काय ते बाकी ठेवले.’ शब्द उच्चारला गेला नाही, पण रोख तोच होता.

वाचकहो, या अर्थाचा गाभा त्या ‘बाकी’मध्ये आहे. ‘झाल्यातच जमा’ असे जो म्हणतो, तो ‘अजून झालेले नाही’ हेही त्याच श्वासात सांगत असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र पहिला भाग ठसतो आणि दुसरा निसटून जातो. घराचेच उदाहरण घ्या. विसार दिला, साठेखत झाले, किंमत ठरली. अशा वेळी घर ‘ॲज गुड ॲज सोल्ड’ आहे असे इंग्रजीत खुशाल म्हणता येईल. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमान्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घरा-जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. खरेदीखत नोंदले जाईपर्यंत घर विकलेले नसते, विकल्यात जमा असते. या दोहोंतील अंतर एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या पुंजीएवढे असू शकते.

आजाऱ्याच्या उशाशी तर हे अंतर अधिकच जपावे लागते. क्षयाच्या रोग्यास औषधे सुरू झाली, की काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, अन्न गोड लागू लागते. अशा वेळी ‘ही इज ॲज गुड ॲज क्युअर्ड’ असे कोणी म्हटले, तर घरातील मंडळींनी ‘तो बरा झाला’ असे त्याचे भाषांतर करू नये. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा प्रचलित उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. बरे वाटते म्हणून तो मध्येच सोडला, तर रोग उलटतो आणि तीच औषधे पुढे निकामी ठरण्याचा धोका असतो. ‘बरा झाल्यासारखा आहे’ हेच येथे खरे भाषांतर. त्यातील ‘सारखा’ हा शब्द गाळणे म्हणजे औषधाची बाटली फेकून देण्यासारखेच आहे.

तिसरा अर्थ वचनासंबंधीचा. ‘ही वॉज ॲज गुड ॲज हिज वर्ड’ याचा ‘तो आपल्या शब्दाइतका चांगला होता’ असा अर्थ केल्यास मराठी वाचकास काही कळणार नाही. ‘तो दिल्या शब्दाला जागला’ हे त्याचे योग्य मराठी. येथे व्यक्तीप्रमाणे सर्वनाम बदलते : स्त्रीविषयी ‘हर वर्ड’, अनेकांविषयी ‘देअर वर्ड’. या प्रयोगात काहीही बाकी नाही. बोलणे आणि करणे येथे पूर्णपणे जुळते.

आणखी दोन जोड्या नेहमी भेटतात. दुरुस्त केलेले घड्याळ ‘ॲज गुड ॲज न्यू’ होते, म्हणजे नव्यासारखे चालू लागते. शहाण्यासारखे वागलेले मूल ‘ॲज गुड ॲज गोल्ड’ असते. आपणही ‘सोन्यासारखे मूल’ म्हणतो, पण आपण त्याचे मोल सांगतो, तर इंग्रज त्याचे वळण सांगतो. भाषांतर करताना हा भेद विसरू नये.

सरावासाठी तीन वाक्ये देत आहोत. पुढील उत्तर वाचण्यापूर्वी प्रत्येकाचे मराठी स्वतः करून पाहावे. ‘द मॅच इज ॲज गुड ॲज ओव्हर’ : सामना संपल्यातच जमा आहे. ‘युवर गेस इज ॲज गुड ॲज माइन’ : शब्दशः ‘तुमचा तर्क माझ्या तर्काइतकाच चांगला’, पण आशय असा, की ‘तुम्हांला जितके ठाऊक, तितकेच मला.’ ‘शी विल बी ॲज गुड ॲज हर वर्ड’ : ती आपला शब्द पाळील.

शेवटी याच शब्दांनी बांधलेली एक इंग्रजी म्हण ध्यानात ठेवण्याजोगी आहे : ‘अ मिस इज ॲज गुड ॲज अ माइल’. नेम केसभर हुकला काय किंवा मैलभर हुकला काय, हुकला तो हुकलाच. जो शब्दसमूह एरवी ‘जवळजवळ झाले’ असा दिलासा देतो, त्यानेच या म्हणीत ‘जवळजवळ’ आणि ‘झाले’ यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढली आहे. यापुढे पत्रात ‘ॲज गुड ॲज’ दिसले, की त्याच्या पुढचा शब्द पाहावा, आणि काम पुरे व्हावयास नेमके काय उरले आहे, हे लिहिणाऱ्यास विचारून घ्यावे.