आधण उतरवा, मग पत्ती टाका

फराळाचे ताट कितीही भरगच्च असो, त्यामागून चहा आला नाही तर पाहुण्याला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. चिवड्यात मीठ कमी पडले तरी तो बोलत नाही, चकली मऊ निघाली तरी निमूटपणे खातो. पण चहाला उशीर झाला की त्याची नजर हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळू लागते. आपल्याकडे बैठक बसते ती चहाने आणि उठते तीही चहानेच. म्हणूनच घरात ज्याचा चहा बंद होतो, त्याचे काय होते, याचा विचार घरच्यांनी अवश्य करावा.

जालना जिल्ह्यात अंबडला आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरातले अण्णा सत्तरीला आलेले. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली. तेव्हा सूनबाई नेहमीच्याच चहातला एक कप साखर घालण्याआधी बाजूला काढू लागल्या. वर्षानुवर्षे दोन चमचे साखर घेणाऱ्या माणसाला तो कढत, तुरट काढा कसा रुचावा? थोड्याच दिवसांत ट्रे आला की अण्णा "तुमचे चालू द्या" म्हणून उठू लागले. चहा सुटला तो सुटला, त्याबरोबर चार माणसांत बसणेही सुटले. पुढे भाच्याने दार्जिलिंगहून पत्तीचा डबा आणला. सूनबाईंनी ती पत्ती पातेल्यात टाकली, दूध घातले आणि रोजच्याप्रमाणे चांगली खळखळून उकळली. डब्याची किंमत ठाऊक असल्यामुळे सर्वांनी तो चहा मुकाट्याने घेतला. अण्णा मात्र म्हणाले, "सूनबाई, याहून आपला वाण्याकडचा चहा काय वाईट होता?"

वाईट नव्हताच! दोन्ही एकाच झाडाची पाने; पण त्यांची घडण निराळी. आपण घरोघर वापरतो ती दाणेदार भुकटी 'सीटीसी' पद्धतीची असते. आसामातल्या अमगुरी बागेत १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी दातेरी रुळांचे यंत्र तयार केले. त्यात पान चिरडले जाते, फाटते आणि वळून त्याचे बारीक दाणे होतात. दाणे बारीक असल्याने रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. दूध, साखर, आले, वेलदोडा एवढ्या सगळ्यांना तोंड देऊन पुन्हा चहाची चव राखायची, तर असा तगडा गडीच हवा. पत्तीच्या चहात पान सुकवून, अलगद चुरून, शक्यतो अखंड ठेवतात. त्याचा सुवास नाजूक असतो. त्याला उकळले की सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे उरतो तो तुरटपणा. तेव्हा नवशिक्याने पहिला धडा गिरवावा तो हा: भुकटी उकळावी, पत्ती भिजवावी.

आता कृती. दीडशे मिलिलिटरच्या एका कपाला दोन ते अडीच ग्रॅम पत्ती पुरते. बारीक पत्ती असेल तर एक सपाट चमचा, मोठी आणि फुगीर असेल तर थोडी अधिक. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी, म्हणजे ती पाण्याची ऊब शोषून घेत नाही. आधणाला खळखळून उकळी आली की भांडे उतरवावे आणि पाणी लगेच पत्तीवर ओतावे. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे. त्यामुळे तेथे पाणी शंभर अंशांना नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळते. काळ्या चहाला ते अगदी योग्य. हिरवी पत्ती असेल तर मात्र आधण थोडे निवू द्यावे; तिला ऐंशी अंश पुष्कळ झाले. झाकण ठेवून घड्याळाकडे पाहावे. दार्जिलिंगला तीन मिनिटे, आसामच्या पत्तीला चार. वेळ झाली की गाळून पत्ती वेगळी करावी. ती पाण्यातच राहिली तर दुसरा कप पहिल्याहून कडू होतो. चहा फिका वाटला तर पुढच्या वेळी पत्ती वाढवावी, वेळ वाढवू नये.

अंबडच्या सूनबाईंनी दुसऱ्या खेपेस हे सारे नेमाने केले. मधाच्या रंगाचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा त्यांनी घरच्या सर्वांना दिला आणि म्हणाल्या, "अण्णा, आज तुमचा कप निराळा नाही. आज सगळ्यांचाच तुमच्यासारखा." अण्णा उठले नाहीत, त्यांनी दुसऱ्यांदा कप पुढे केला.

इतके करूनही चहावर तवंग दिसला, तर पत्तीला बोल लावू नका. जालना शहराला घाणेवाडीच्या तलावाचे आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी येते. पण ग्रामीण भागात विहीर अन् बोअरवरच भिस्त. हे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो तो त्याचाच. चहावरची ती चकचकीत साय पाण्यातल्या चुन्याच्या क्षारांमुळे येते, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवून दिले. उपाय सोपा आहे. पाणी एकदा उकळून निवू द्यावे, वरचे नितळ पाणी घेऊन त्याचे आधण ठेवावे. लिंबाचे दोन थेंबही तवंग घालवतात.

पत्ती पारखायची कशी? बियाण्यांचे शहर म्हणून ज्याचे नाव देशभर झाले, त्या जालन्याला हे शिकवायला नको. मूठभर बियाणे तळहातावर घेऊन शेतकरी पाहतो ना, तसेच पाहावे. पाने एकसारखी हवीत. काड्या आणि भुगा कमी हवा. वास ताजा हवा, कोंदट नको. डब्यावर 'ऑरेंज पिको' लिहिलेले असले तर मोसंबीच्या या जिल्ह्याने फसू नये. त्यात संत्रेही नसते अन् मोसंबीही नसते. ते पानाच्या प्रतीचे नाव आहे. नवशिक्याने एकदम महाग डबा घेऊ नये. निलगिरीची, नाहीतर मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीची दार्जिलिंग पत्ती पन्नास-शंभर ग्रॅम आणून पाहावी. शंभर ग्रॅममध्ये चाळीसएक कप होतात आणि चांगली पत्ती दुसऱ्यांदाही भिजवता येते. मग एका कपाचा हिशेब मांडून पाहा. वाटतो तितका खर्च येत नाही.

डबा घट्ट झाकणाचा असावा आणि येसर किंवा काळ्या मसाल्याच्या शेजारी ठेवू नये. चहा शेजाऱ्याचा वास फार लवकर उचलतो. आणखी एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवावी. जेवणाबरोबर घेतलेला चहा, मग तो पत्तीचा असो वा भुकटीचा, अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

चहाचा कप माणसाला पंगतीतून उठवू शकतो, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेले आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आला. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. त्या चहावरून केवढे वादळ उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि थोरामोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. तो काळ गेला. आता चहाने कुणाची जात जात नाही. पण पथ्यामुळे आपलाच वडीलधारा माणूस गुपचूप पंगतीबाहेर जात असेल, तर त्याला परत आणणे आपल्या हाती आहे.

तेव्हा यंदा पाडव्याला ट्रेमध्ये दोन किटल्या ठेवा: एकीत आल्याचा, दुधाचा, उकळलेला; दुसरीत पत्तीचा. कोणता कुणाचा हे तुम्ही ठरवू नका. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. करंजी आणि शंकरपाळ्याचा गोडवा आधीच तोंडात असतो. त्यावर बिनसाखरेचा चहा पुष्कळांना आवडेल, पाहा. पथ्यकऱ्याने लाडू मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा! आणि गाळलेली पत्ती टाकून देऊ नका. तिला ना दूध लागलेले असते ना साखर. तुळशीच्या कुंडीत मातीखाली पुरा, तिचे खत होईल.